नीलमणी : मावळच्या रानातला निळा रहिवासी

नीलमणी हा दाट, सावलीच्या जंगलात राहणारा लहान कीटकभक्षी पक्षी. लांबी जेमतेम १६ सेंमी. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या रानवाटेवर, मावळातल्या देवरायांत आणि ओढ्याकाठच्या झाडीत तो राहतो. भारतापासून फिलिपिन्सपर्यंत त्याचा आढळ आहे. १७८३ मध्ये डच निसर्गशास्त्रज्ञ बोडार्ट याने त्याला शास्त्रीय नाव दिले. लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक त्याच्याच कुळातला.

नर झळझळीत निळा, पोटाकडे पांढरा. मानेमागे काळा ठिपका आणि गळ्यावर बारीक काळी रेघ ही त्याची खूण. मादीची पाठ करडी-तपकिरी असते व तिला हा ठिपका नसतो.

नीलमणी क्षणभरही स्वस्थ बसत नाही. शेपटी पसरत, फांद्यांमधून फिरत तो पाने धुंडाळतो आणि उडालेला किडा हवेतच टिपतो. हिवाळ्यात तो इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यांत सामील होतो. थव्याच्या हालचालीने उठलेले कीटक त्याला आयते मिळतात.

त्याचे घरटे म्हणजे कोवळ्या फांदीच्या बेचक्यात बसवलेली सुबक वाटी. गवत व सालीचे धागे कोळ्याच्या जाळ्याने घट्ट लिंपलेले असतात. त्यात दोन-तीन अंडी असतात. पिलांना नर-मादी दोघे भरवतात.

जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त नाही. मात्र सावली, झुडपे आणि कीटक यांवाचून तिचे भागत नाही. म्हणून मावळातल्या देवराया आणि ओढ्याकाठची झाडी राखणे, हेच नीलमणीचे खरे संरक्षण आहे.