खंजिरीचा ठेका आणि डोक्यातली कलकल



बचत गटाच्या बैठकीत वसुलीचा हिशोब संपला, की बोलणं हमखास झोपेवर येतं. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, कर्जाचा हप्ता आला. अंथरुणावर पाठ टेकली तरी डोक्यातली कलकल थांबत नाही. त्यावर आता मोबाईलवर एक उपाय फिरतो आहे. कानात हेडफोन घाला, अमुक आवाज ऐका, मेंदूच्या लहरी बदलतील आणि झोप लागेल, असं त्यात सांगतात. गटातल्या बायका आम्हाला विचारतात, हे खरं आहे का?

आधी या लहरी काय ते पाहू. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे अगदी बारीक संदेश देतात. डोक्याला तारा लावून ही हालचाल कागदावर उमटवता येते. जर्मनीतल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. डोळे मिटून निवांत बसलं, की सेकंदाला साधारण ८ ते १३ लहरी उठतात. हिशोबात किंवा काळजीत असताना १३ ते ३० अशा वेगाच्या लहरी दिसतात. गाढ झोपेत त्या ४ पेक्षाही कमी होतात.

मोबाईलवरच्या त्या आवाजात एका कानात सेकंदाला २०० कंपनांचा सूर देतात, दुसऱ्या कानात २१० चा. दोहोंतला फरक १० चा. मेंदूला तेवढे ठोके ऐकू आल्याचा भास होतो. मेंदूने त्या ठोक्यांमागे जावं आणि निवांत व्हावं, अशी कल्पना आहे. भास होतो हे खरं, पण त्याने काळजी जाते का, झोप लागते का, याबद्दल संशोधनांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. फुकट ऐकून बरं वाटलं तर ऐका. पण त्यासाठी गाठीचे पैसे घालवू नका.

मग आपल्या भजनात बसून मन हलकं होतं, ते कशाने? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजनं केली. तो ठेका आपल्या जिल्ह्यात आजही घुमतो. दिवाळीच्या दिवसांत झरी जामणी, पांढरकवड्याकडे गोंड आणि कोलाम वस्त्यांत ढोल वाजतो. पण कितीही तयार हात असला, तरी भजनाचा ठेका सेकंदाला दहा थापांचा नसतो. एक-दोन थापांचाच असतो. म्हणजे खंजिरी मेंदूच्या लहरी ओढून नेत नाही. तिचं काम दुसऱ्या वाटेने होतं, श्वासाच्या.

ओळ गायला लागलं, की श्वास सावकाश सोडावा लागतो. ओळ संपली की पुन्हा घ्यायचा. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना त्यांची माळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून तपासलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. श्वास संथ झाला, की शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप जातो.

जात्यावर आपल्या आज्या हेच करत होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर आहे, माहेर आहे, न सांगता येणारी दुःखंही आहेत. चक्की आली, हातांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण मनातलं बोलायची ती पहाटेची जागाही गेली. ती आता गटात करता येईल.

बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं काढा. एकीने खंजिरी किंवा टाळी धरावी, सेकंदाला एक थाप. चार थापांत श्वास आत, सहा थापांत बाहेर. पाचेक मिनिटं असं करा, मग एखादं संथ भजन म्हणा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या. घरात एकटी पडलेली, नवरा गमावलेली बाई असेल तर तिला मुद्दाम बोलवा. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला, की आपण एकट्या नाही हे कुणी सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ठेका हा आधार आहे, औषध नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा घरातलं कुणी 'आता जगून काय करू' म्हणत असेल, तर भजनावर भागवू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याकडे घ्या. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात न्या. टेली मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. आणि पुढच्या बैठकीला खंजिरी सोबत आणा.