शाळेचा प्रकल्प वहीत नको, गावात हवा! नववी-दहावीची मुलं गावाचं आरोग्य कसं सुधारू शकतात?

कोल्हापूर : पाऊस सुरू झाला की गढूळ पाणी, जुलाब, कावीळ, डेंग्यू हे दरवर्षीचंच. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांनी तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर साथीची धास्ती चांगलीच अनुभवली. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर बाईला जास्त धोक्याची असते.

अशा वेळी हायस्कूलची पोरं काय करणार, असं वाटेल. पण मोजमाप करायला आणि घरोघरी जायला त्यांच्याइतकं चांगलं मनुष्यबळ गावात दुसरं नाही. १९९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनं हीच पद्धत रुजवली. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः माहिती गोळा करायची आणि उपाय सुचवायचा. थर्माकोलचं मॉडेल आणि नेटवरून उतरवलेली माहिती म्हणजे प्रकल्प नव्हे.

आधी प्रश्न नेमका करा

‘गावातलं पाणी शुद्ध आहे का?’ हा प्रश्न फार मोठा झाला. ‘टाकीत टाकलेलं क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचतं का?’ हा प्रश्न मोजता येतो. त्यासाठी लागणारी ओटी टेस्ट गावाला नवीन नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती करतोच. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. रंग गडद तितकं क्लोरीन जास्त. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे.

मुलांनी टाकीजवळचे, मधल्या गल्लीतले आणि शेवटच्या टोकाचे मिळून दहा नळ निवडायचे. दोन आठवडे, पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी त्याच नळांची तपासणी करून तारीख, वेळ आणि रंग लिहायचा. टाकीजवळ रंग येतो पण टोकाला येत नाही, असं दिसलं तर वाटेत कुठंतरी गळती आहे का, पाईप गटारीतून गेली आहे का, ते बघायचं. टाकीजवळच रंग येत नसेल तर टीसीएल पावडर कमी पडते किंवा जुनी झाली आहे. पोतं उघडं किंवा उन्हात राहिलं की पावडरची ताकद कमी होते.

ओटीचं द्रावण विषारी असतं. त्यामुळं तपासणी शिक्षक किंवा आरोग्य सेवकांच्या देखरेखीखालीच करायची. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, हात साबणानं धुवायचे.

डासांचा हिशेब

ज्या गावात पाणी दिवसाआड येतं, तिथं प्रत्येक घरात बॅरल भरलेलं असतं. डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरड्यातही काही महिने टिकतात. बॅरल आतून घासूनच धुवायला लागतं.

प्रकल्प असा करता येईल : एका गल्लीतली ५० घरं घ्यायची. बॅरल, हौद, जुने टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे बॅटरी मारून बघायचा. समजा ५० पैकी १५ घरांत अळ्या सापडल्या, तर प्रमाण झालं ३० टक्के. मग चार आठवडे मुलांनी दर आठवड्याला घरोघरी जाऊन कोरडा दिवस पाळायला लावायचा आणि तीच घरं पुन्हा तपासायची.

इथं एक गोष्ट बरेच जण विसरतात. पाऊस थांबला तरी अळ्या कमी होतात. मग फरक मुलांच्या कामानं पडला की हवामानानं? त्यासाठी दुसऱ्या गल्लीतली ५० घरंही त्याच दिवशी, आधी आणि नंतर, तपासायची. पहिल्या गल्लीत अळ्या जास्त कमी झाल्या, तर उपाय लागू पडला असं म्हणता येतं. मात्र दुसऱ्या गल्लीत सापडलेल्या अळ्या तशाच सोडायच्या नाहीत. घरच्यांना आणि आशाताईंना लगेच सांगायचं.

हे करायचं नाही

मुलांनी कुणाचं रक्त काढायचं नाही, गोळ्या वाटायच्या नाहीत. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे नावानिशी लिहायचं नाही. घरांना फक्त नंबर द्यायचे. कुणाच्या बॅरलचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर पुढच्या वेळी ते दार उघडणार नाहीत.

निकाल कुणापुढं मांडायचा?

शाळेत मार्क मिळाले म्हणजे काम संपलं असं नाही. एका पानाचा तक्ता करून तो सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना द्यावा. ग्रामसभेत मुलांना मत नसतं, पण त्यांचा तक्ता वाचून दाखवायला कुणाची आडकाठी नसावी. पाण्याच्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं, हेही मुलांनी तिथं विचारावं.

काम करताना एखादं नवीन साधन सुचलं, उदाहरणार्थ बॅरलचं डास न शिरणारं झाकण, तर शाळेमार्फत इन्स्पायर मानक योजनेत कल्पना पाठवता येते. निवड झाल्यास विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये जमा होतात.

पालकांनी एवढंच करावं : वही घेऊन दारात आलेल्या पोराला ‘अभ्यास कर जा’ म्हणून परत पाठवू नये. बॅरलचं झाकण उघडून दाखवावं.