अनुदान मिळाले, पुढे काय?

मदिनेतील एक गरजू अन्सारी मदत मागण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. "घरात काय आहे?" असे प्रेषितांनी विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी ते मागवून लिलावात दोन दिरहमांना विकले. एका दिरहमाचे धान्य घरी द्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकून पंधरा दिवसांनी येण्यास सांगितले. ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम जमले होते. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

या घटनेत भांडवल आहेच. पण त्यापूर्वी चौकशी आहे आणि त्यानंतर विचारपूसही. आज हस्तव्यवसाय करणाऱ्यांना मदत देताना नेमक्या याच दोन गोष्टी सुटतात. संस्था समारंभात शिलाई मशीन देते, फोटो निघतो आणि वर्षभरात त्या मशीनवर घरातल्या घड्या ठेवल्या जातात. दोष त्या भगिनीचा नसतो. कपडा कुठून घ्यावा, दर काय लावावा आणि गिऱ्हाईक कसे मिळवावे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

सरकारी योजना नीट समजून घ्या

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. शिंपी, सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, पारंपरिक खेळणी बनवणारे हे त्यांपैकी काही. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दररोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते.

या योजनेत पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे. पण ते घेणे सक्तीचे नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अर्ज भरणाऱ्याला "कर्ज नको, प्रशिक्षण आणि अवजारे हवीत" असे आधीच स्पष्ट सांगावे.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) अल्पसंख्याक आणि महिलांना नव्या उद्योगासाठी प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के (शहरात) किंवा 35 टक्के (ग्रामीण भागात) अनुदान आहे. मात्र ते रोख हातात येत नाही. स्वतःचे किमान पाच टक्के घालावे लागतात, उरलेल्या रकमेला बँकेचे कर्ज असते आणि अनुदान तीन वर्षे बँकेत अडकून राहते. म्हणजे "सरकार पैसे देते" या ऐकीव माहितीवर उडी घेऊ नये. व्याजाचा प्रश्न जाणत्या आलिमांपुढे ठेवूनच निर्णय घ्यावा.

हिशेब हीच पहिली शिकवण

समजा, एका भगिनीने ओढणीवर भरतकाम केले. कापड-धाग्याला 300 रुपये, प्रवास आणि किरकोळ खर्च 50 रुपये आणि दोन दिवसांची मेहनत. ओढणी 500 रुपयांना विकली. तिला वाटते, 200 रुपये सुटले. प्रत्यक्षात सुटले 150, म्हणजे दिवसाला 75 रुपये. दिवसाची मजुरी 300 रुपये धरली, तर ओढणी 950 रुपयांना तिच्या घरातच पडते.

आता तिच्यापुढे तीन वाटा आहेत: कमी वेळात होणारी नक्षी निवडायची, कच्चा माल चौघींनी मिळून घाऊक घ्यायचा किंवा जास्त दर देणारे गिऱ्हाईक शोधायचे. मशीन कितीही चांगली असली, तरी यातली वाट ती दाखवणार नाही. त्यासाठी जवळ बसून वही लिहायला शिकवणारे माणूस लागते. घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे, ऑर्डर घेताना आगाऊ रक्कम मागणे, नातेवाइकांची उधारीसुद्धा लिहून ठेवणे, या साध्या सवयींवरच धंदा टिकतो.

मिरजेची तंतुवाद्ये

एकत्र येण्याचे बळ पाहायचे असेल, तर मिरजेकडे पाहावे. शस्त्रांची कामे करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांतून ही वाद्ये घडतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठीचे अर्ज कारागिरांच्या संघटित संस्थांनी केले होते. एकट्या कारागिराच्या नावावर हा मान मिळत नाही. अर्थात मानांकनाने नक्कल ओळखता येते. विक्री मात्र स्वतःच वाढवावी लागते.

विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत वाद्यनिर्मिती नाही आणि जरीकामही नाही. म्हणजे आपल्या समाजातील अनेक हुन्नर यादीबाहेर राहतात. तिथे समाजानेच पुढे यायला हवे.

जमातीने काय करावे?

रमजानमध्ये जकात अनेकांना थोडी थोडी वाटली जाते. त्यातील काही भाग पात्र कारागिराला अवजार किंवा कच्चा माल म्हणून, त्याच्या पूर्ण मालकीने देता येईल. पद्धत आलिमांना विचारून ठरवावी. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा अनुभवी व्यापारी, हिशेब तपासणारा किंवा निवृत्त शिक्षक असतोच. त्याने अशा दोन कुटुंबांची जबाबदारी घ्यावी आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन तीनच प्रश्न विचारावेत: किती माल बनला, किती विकला, कुठे अडले?

हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करून त्या कमाईतून दानधर्म करत. आज जकात घेणारे घर उद्या जकात देणारे व्हावे, हीच आपल्या मदतीची कसोटी असावी.