बुरशी पुसण्याआधी ओल शोधा



श्रावणातली झड आठ दिवस टिकली की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. मोरीलगतच्या भिंतीवर काळे ठिपके, ट्रंकेतल्या लुगड्यांवर पांढरट बुरा, दाराआडच्या चपलांवर हिरवी लव आणि घरभर कुबट वास. घरची बाई फडके घेऊन भिंत पुसते. आठ दिवसांनी ठिपके पुन्हा हजर! मग दिवाळीला वरून रंगाचा हात फिरतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागचे पापुद्रे सुटतात.

ही चूक मीही केली आहे. पिकावरच्या बुरशीबद्दल तुम्हाला सल्ला देणारा मी शेतकीचा पदवीधर. पण माझ्याच घरच्या ओल्या भिंतीवर मी तैलरंग मारून घेतला. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड आले, आतल्या गिलाव्याचा भुगा झाला. त्या भिंतीशी डोके करून झोपणाऱ्या मुलाचा खोकला दर श्रावणात ठरलेला. शेवटी कारण सापडले ते भिंतीच्या बाहेर. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचत होते. चर काढून ते वळवले, उन्हाळाभर भिंत सुकू दिली, मग नवा गिलावा केला. ठिपके परत आले नाहीत आणि मुलाचा खोकलाही कमी झाला.

यातले मर्म एवढेच, की बुरशीचे सूक्ष्म बीज हवेत सगळीकडे असते. ते नाहीसे करणे कोणाच्या हातचे नाही. ओल नाहीशी करणे मात्र आपल्या हातचे आहे. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही, तर बुरशी तिचा ताबा घेते.

ओल येते कोठून?

आधी ती बुरशीच आहे ना, हे पाहा. सिमेंटच्या भिंतीवर पांढरी पूड दिसली तर तिच्यावर थोडे पाणी शिंपडा. विरघळली तर तो भिंतीला फुटलेला खार आहे. न विरघळता तशीच राहिली तर बुरशी समजा. दोन्हींचे मूळ ओलच. पण खार नुसता झाडून निघतो.

मग ओलीचा माग काढा. गिलाव्याच्या भिंतीवर हात-दीड हात प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा व दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूस जमले तर घरातलीच वाफ कोंडते आहे. भिंतीतली ओल असेल तर फुटके कौल, स्लॅबची भेग, गळका नळ, तुंबलेली मोरी, जोत्याशी साचणारे पाणी हे एकेक तपासा. घरातली वाफ असेल तर चूल, न्हाणीचे गरम पाणी आणि दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे यांच्याकडे लक्ष द्या.

काढताना घ्यायची काळजी

कोरडी बुरशी झाडूने झटकू नये. तिचे बीज धुरळ्यासारखे उडते व श्वासावाटे छातीत जाते. दमेकरी, लहान मुले, म्हातारी माणसे व गरोदर बाई यांना त्या वेळी दुसरीकडे बसवावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. नाकाला धुळीचा चांगला मास्क व हाताला रबरी मोजे घालावेत.

फरशी, काच, पत्रा, रंगवलेले लाकूड साबणाच्या पाण्याने घासून धुवावे आणि लगेच कोरडे करावे. बहुतेक ठिकाणी एवढे पुरते. मोरीच्या फरशीवरचे डाग हटत नसतील तर प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवावी. गाळ खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणी दहा मिनिटे लावून ठेवून धुऊन टाकावे.

मातीच्या भिंतीला मात्र असे पाणी लावू नये. तिथला पोपडा किंचित ओलसर करून खरवडावा, घराबाहेर पुरावा व भिंत सुकू द्यावी. सारवण आणि चुन्याचा हात पाऊस संपल्यावरच. चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. पण तो डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून जपावे.

भिजून कुबटलेली गादी, उशी वाचवण्याच्या नादी लागू नये. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

औषधांचा मोह नको

काही घरांत उरलेले बुरशीनाशक भिंतीवर फवारतात. ‘द्राक्षाची बुरशी जाते, तर घराची का नाही?’ असा त्यांचा सवाल. बाबांनो, ते औषध उघड्या शेतासाठी आहे, मुले झोपतात त्या खोलीसाठी नव्हे. शिवाय ओल कायम असेल तर त्याचा उपयोगही टिकत नाही.

दुसरी गोष्ट, ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड, युरिया किंवा गोमूत्र कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

धान्याची बुरशी अधिक घातक

भिंतीची बुरशी खोकला देते, धान्याची बुरशी जीव घेऊ शकते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील खेड्यांत बुरशी लागलेला मका लोकांच्या खाण्यात आला. काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता आणि मका ओलाच साठवला गेला होता. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही त्या रोगाला बळी पडली.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. मका व भुईमूग यांवर ते विशेष आढळते. भाजून, शिजवून ते पुरते जात नाही. म्हणून गुठळी धरलेले, कुबट धान्य धुऊन वाळवून खाऊ नका. ‘माणसाला नको तर म्हशीला घाला’ हेही नको, कारण विषाचा अंश दुधात उतरतो व ते दूध आपलीच लेकरे पितात. असे धान्य खड्ड्यात पुरावे. एक पोते गेल्याचे दुःख मोठेच. पण दवाखान्याच्या फेऱ्यांपेक्षा ते हलके.

पुन्हा येऊ नये म्हणून

धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि भुईमुगाच्या शेंगांचा ८ टक्क्यांच्या आसपास आणूनच साठवण करावी. शेंग हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. कपाट, ट्रंकाही भिंतीला चिकटवू नयेत.

पाऊस उघडला की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा. चुलीच्या वर धुराला वाट असावी. ओले कपडे झोपायच्या खोलीत न घालता पडवीत वाळवावेत. जोत्याभोवतीची माती बाहेरच्या बाजूला उतरती करावी व पागोळ्यांच्या रेषेत चर काढावा. कौले चाळणे, भेगा बुजवणे ही कामे मृगाआधी उरकावीत.

उद्या पाऊस पडत असताना डोक्यावर इरले घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा. पाणी कोठे साचते, कोठून भिंतीवर उडते, ते डोळ्यांनी पाहा. शेतातले साचलेले पाणी काढायला आपण रात्री-अपरात्री धावतो. घराच्या जोत्याचे पाणी काढायलाही तेवढीच तत्परता हवी, कारण त्या भिंतीआड आपली माणसे झोपलेली असतात.