दुसऱ्या मालकाची गाडी (भाग ६) : स्वतंत्र डीलर आणि पोर्शे ९११

मागच्या आठवड्यात आपण कंपनीच्या अधिकृत केंद्रातून जुनी गाडी घेण्याचा मार्ग पाहिला. तिथे पैसे जास्त जातात, पण गाडीमागे कंपनी उभी असते. आज त्या दाराबाहेरच्या बाजारात, म्हणजे स्वतंत्र डीलरांकडे जाऊ. उदाहरणाला देश घेतला आहे ब्रिटन आणि गाडी पोर्शे ९११. तिच्याही दोनच पिढ्या : १९९७ साली आलेली ९९६ आणि २००४ साली आलेली ९९७. या गाड्यांचं वय आता इतकं झालं आहे की अधिकृत केंद्रांत त्या क्वचितच दिसतात, त्यांचा बहुतेक व्यवहार स्वतंत्र डीलरांच्याच हातात आहे. शिवाय लंडन, स्लाव किंवा मिल्टन कीन्सला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या खिशाला परवडेल अशी ९११ हीच. नव्या मध्यम आकाराच्या गाडीच्या पैशांत ती मिळते.

आणि ती घ्यावीशी वाटली तर त्यात वावगं काही नाही. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं सहा सिलेंडरचं आडवं इंजिन, पुढच्या चाकांखालचा रस्ता हातात आणून देणारं स्टिअरिंग. अशी गाडी सहसा दुसरीकडे सापडत नाही. पण जुनेपणामुळे खरेदीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही. वीस वर्षांच्या ९११चं इंजिन खोलायची वेळ आली, तर बिल आजच्या पोर्शेच्या दरानेच येतं. म्हणून ही खरेदी करताना एकच प्रश्न सतत विचारत राहायचा : आधीच्या मालकांनी हिला कसं वागवलं, आणि त्याचा पुरावा काय?

त्याचं उत्तर डीलर कोणत्या प्रकारचा आहे यावरही अवलंबून असतं. काही स्वतंत्र डीलर मुळात पोर्शेचे कारागीर आहेत. पुढे विक्रीचं दालन, मागे स्वतःचं वर्कशॉप, आणि समोरची गाडी बऱ्याचदा त्यांच्याच हाताखाली वर्षानुवर्षं सर्व्हिस झालेली. माझ्या मते जुनी ९११ घ्यायला याहून चांगली जागा नाही. अधिकृत केंद्रापेक्षाही नाही, कारण तिथला तरुण मेकॅनिक रोज नव्या गाड्या पाहतो आणि ९९६चं इंजिन त्याने कदाचित कधी उघडलेलंही नसतं. दुसरे म्हणजे महागड्या गाड्यांची मिश्र दुकानं. एका रांगेत फेरारी, बेंटले, रेंज रोव्हर आणि त्यांत एक ९११. हे लोक लबाडच असतात असं नाही. मात्र लिलावातून गाडी उचलायची, डेंटिंग-पेंटिंग करून चमकवायची आणि विकायची, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध असतो. तुम्ही इंजिनाबद्दल काही विचारलं, तर त्यांना खरोखरच माहीत नसतं. तिसरा प्रकार कमिशनवर विकणाऱ्यांचा. गाडी दुसऱ्याच कुणाच्या मालकीची, डीलर फक्त ती आपल्या दालनात उभी करतो. हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निसरडा. तिकडे नंतर येऊ.

आधी इंजिन, कारण सगळा धोका तिथेच आहे. ९९६ ही पाण्याने थंड होणारी पहिली ९११. तिच्यासाठी केलेल्या नव्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट आहे. इंजिनाची गती चेनमार्फत कॅमशाफ्टपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका बंद बॉल बेअरिंगवर फिरतं. कालांतराने बेअरिंगच्या आतलं ग्रीस धुऊन जातं, बाहेरचं इंजिन ऑइल पुरेसं आत येत नाही आणि बेअरिंग झिजू लागतं. ते तुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ सुटतो, ते एकमेकांवर आदळतात आणि अख्खं इंजिन जातं. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि २००१ ते २००५च्या मॉडेलांबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली.

याचा अर्थ प्रत्येक गाडीचं बेअरिंग तुटतं असा नाही. बहुसंख्य गाड्या आजही मजेत धावत आहेत. खरेदीदाराला कळायला हवं ते असं : २००५च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांत हे बेअरिंग क्लच प्लेट बदलताना, गिअरबॉक्स उतरलेला असतानाच बदलता येतं. त्यानंतर कंपनीने ते मोठं आणि मजबूत केलं, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. २००८च्या मध्यात आलेल्या सुधारित ९९७मध्ये इंजिनच नवं बसवलं, त्यात हा शाफ्टच नाही. याच दोन पिढ्यांतल्या टर्बो आणि जीटी३ गाड्यांचं त्या बदलापूर्वीचं इंजिनही मुळात वेगळं. हान्स मेट्झगर या अभियंत्याच्या नावाने ते ओळखलं जातं आणि १९९८ साली ल मान्सची शर्यत जिंकलेल्या जीटी१ गाडीशी त्याचं नातं आहे. त्यांना या बेअरिंगची भीती नाही. तेव्हा डीलर ‘या गाड्यांना तो प्रॉब्लेम असतोच’ किंवा ‘हिला तो प्रॉब्लेम नाही’ असं म्हणाला, तर लगेच विचारा : कोणत्या सालची, कोणतं इंजिन, बेअरिंग बदललं असेल तर कधी, कोणी, आणि बिल कुठे आहे?

बेअरिंगची चर्चा जगभर झाली, पण आजच्या घडीला मला त्याहून जास्त काळजी वाटते ती सिलेंडरच्या आतल्या ओरखड्यांची. ३.६ आणि ३.८ लिटरच्या इंजिनांत, विशेषतः सुरुवातीच्या ९९७मध्ये, पिस्टनवरचा लेप झिजतो, पिस्टन सिलेंडरच्या भिंतीला घासतो आणि उभे चरे पडतात. गाडी त्यानंतरही कित्येक महिने चालते, आणि नेमक्या त्याच काळात ती विकायला काढली जाते. खुणा आहेत. गरम झालेल्या इंजिनातून एका लयीत येणारी टकटक, ऑइल जास्त खाणं, एका बाजूचा सायलेन्सर पाइप दुसऱ्यापेक्षा काळा. पण पाइप पुसून टाकता येतो आणि ऑइलची पातळी विक्रीपूर्वी भरून ठेवता येते. खात्री एकाच मार्गाने होते, सिलेंडरमध्ये कॅमेरा घालून. त्यातही स्पार्क प्लगच्या भोकातून घातलेल्या कॅमेऱ्याला भिंतीचा खालचा भाग नीट दिसत नाही. चांगला कारागीर ऑइलचं खालचं झाकण काढून पिस्टन वर असताना खालून पाहतो. पाहणीची किंमत विचारताना ‘कॅमेरा कुठून घालणार?’ हा प्रश्न जरूर विचारा. समोरचा किती पाण्यात आहे ते तिथेच कळतं.

इथे बाजाराच्या समजुतीविरुद्ध एक मत मांडतो. इंजिन एकदा खोलून दुरुस्त केलेली गाडी ऐकली की लोक मागे सरतात. या गाड्यांच्या बाबतीत उलट वागावं. बोल्टनच्या हार्टेकसारख्या पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये सिलेंडरला नवे लायनर घालून बांधलेलं इंजिन, त्याची सविस्तर बिलं आणि त्यानंतर काही हजार मैल धावल्याची नोंद, हे सगळं असेल तर ती गाडी कधीच न उघडलेल्या इंजिनाच्या गाडीपेक्षा मला जास्त पैशांची वाटते. तसंच कमी मैलांचं आकर्षण. वीस वर्षांत अगदी थोडी चाललेली ९११ म्हणजे वर्षानुवर्षं उभी राहिलेली, कडक झालेल्या रबरांची आणि जुन्या ऑइलची ९११ असू शकते. कंपनीच्या वेळापत्रकात ऑइल दोन वर्षांनी बदलायचं होतं. जाणकार दरवर्षी बदलतात. दरवर्षीची बिलं दिसली, तर मैल थोडे जास्त असले तरी चालतील.

आता या गाडीतली सर्वांत मोलाची साक्ष : इंजिनाचा कॉम्प्युटर. मीटर मागे फिरवता येतो, रंग नवा मारता येतो, सर्व्हिसच्या पुस्तकावर शिक्केही मारता येतात. कॉम्प्युटरमध्ये मात्र इंजिन एकूण किती तास चाललं ते वेगळं नोंदलेलं असतं. मैलांना त्या तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. ६०,००० मैल आणि ३,००० तास म्हणजे ताशी २० मैल, शहरातल्या वापराला शोभणारा आकडा. मीटरवर २०,००० मैल आणि कॉम्प्युटरवर ३,००० तास असतील, तर ताशी सात मैलांपेक्षाही कमी. अशी गाडी कोणीच चालवत नाही. मीटर खोटा आहे.

कॉम्प्युटरमधून काढलेल्या त्याच अहवालात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची नोंद असते. ९९७मध्ये तिचे सहा टप्पे आहेत. खालचे टप्पे जोरात चालवल्याने भरतात आणि त्यांत फारसं काही नाही, ही गाडी जोरात चालवण्यासाठीच घेतात. वरचे टप्पे वेगळे. तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जाताना हात चुकून दुसऱ्यात गेला की चाकंच इंजिनाला ओढत नेतात, आणि तिथे पेट्रोल तोडणारी यंत्रणा काही करू शकत नाही. नोंद स्फोटांच्या संख्येने होते. सहा सिलेंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर सेकंदाला ४००. वरच्या टप्प्यात ४० हा आकडा दिसला, तर तो सेकंदाच्या दहाव्या भागाचा प्रसंग. कोणत्या तासाला घडला तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर गाडी हजार तास चाललेली असेल तर मी ती सोडणार नाही. मागच्या दहा तासांत घडला असेल तर तिथूनच परत फिरेन.

हे सगळं तपासणारा माणूस तुमचा हवा. बैलबाजारात दात बघायला आपण आपल्या ओळखीचा जाणकार नेतो, विकणाऱ्याच्या भावाला सांगत नाही. इथेही तोच नियम. डीलर स्वतः नामांकित कारागीर असला, तरी पाहणी दुसऱ्या पोर्शे-तज्ज्ञाकडून करून घ्या आणि पैसे स्वतः द्या. चांगला डीलर याला हरकत घेत नाही. गाडी लिफ्टवर चढली की टायरही पाहून घ्या : पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन आणि त्यापुढे आकडा असतो. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले, तर त्या मालकाने बाकी गोष्टींतही हात आखडलेला असणार. ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत. त्या बदलण्याचा खर्च आधी विचारून घ्या, मग किमतीवर बोला.

कागदांचं काम ब्रिटनमध्ये सोपं आहे. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी चाचणी होते आणि २००५-०६ पासूनचे निकाल, त्या त्या दिवशीच्या मैलांसह, सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कर्जाचा बोजा आणि अपघाताचा इतिहास पैसे भरून कळतो. विमा कंपनीने ‘एस’ किंवा ‘एन’ वर्गात टाकलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा. अशी ९११ कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

कायद्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेल्या गाडीत विक्रीच्या वेळीच दोष होता असं दिसलं, तर ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत निघालेला दोष आधीपासूनच होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे डीलरला सिद्ध करावं लागतं. ‘जशी आहे तशी विकली’ असं बिलावर लिहून हा हक्क काढून घेता येत नाही. पण वयाला साजेशी झीज म्हणजे दोष नव्हे. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही, आणि कमिशनवरच्या गाडीत नेमकी तिथेच मेख असते. बिलावर विक्रेता म्हणून डीलरचं नाव आहे की मालकाचं, ते सही करण्याआधी वाचा. कर वाचवण्यासाठी स्वतःच्या कंपनीच्या नावावर गाडी घेतली, तर तुम्ही ग्राहक राहत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि किंमत ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर थोडी तरी रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५व्या कलमाने कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार ठरते. डीलर देतो त्या विमा-वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. तिच्यात प्रत्येक दाव्याला कमाल रक्कम ठरलेली असते आणि इंजिनाच्या खर्चापुढे ती बहुधा तोकडी पडते.

लंडनहून पुण्या-मुंबईला परतताना ही गाडी सोबत आणू, असा विचार काही जणांच्या मनात असतो. तो सोडून द्यावा लागेल. वापरलेली गाडी भारतात आणायची, तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. भारतातल्या भारतात स्वतंत्र डीलरकडून स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला केंद्रीय नियम उपयोगी पडतो. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला रीतसर कळवलं की जबाबदारीच्या दृष्टीने तोच मालक मानला जातो. ते अधिकारपत्र पाहायला मागा. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय आणि कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

इंजिनाच्या कॅमेऱ्याची आणि कॉम्प्युटरच्या अहवालाची अट बयाणा देण्याआधी घाला, नंतर नव्हे. डीलर त्याला नाही म्हणाला, तर गाडीचा रंग तुमच्या मनात कितीही भरलेला असला तरी तिथे थांबू नका. ९९६ आणि ९९७ या गाड्या हजारोंनी बनल्या आहेत, दुसरी मिळेल.

पुढच्या आठवड्यात : अशा गाडीचा विमा कसा ठरतो आणि ठरलेली किंमत लिहून का घ्यावी.