मुकी पेटी बोलती कशी करावी?

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतला बँजो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात थोडा विद्युतदाब निर्माण होतो. तो वाढवून लाउडस्पीकरला दिला की सूर उमटतो. बँजो आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक छोटी पेटी जोडून त्या सुराला खरखरीत धार आणता येते. नागपूरजवळच्या वाडीत मुलांबरोबर अशी पेटी बांधताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पेटी वाजली तर ध्वनीचा एक धडा होतो. न वाजली तर त्याहून मोलाचा धडा मिळतो.

आधी खरखरीचे कारण पाहू. समजा, बँजोकडून २० मिलिव्होल्टचा संदेश आला. ७४१ क्रमांकाच्या आयसीने तो सुमारे १०० पट वाढवला, की २ व्होल्ट होतो. पुढे दोन सिलिकॉन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले असतात. दाब सुमारे ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते वाहू लागतात, आणि तरंगाचे शेंडे छाटले जातात. दोन्ही टोके सारखीच छाटली, तर मूळ वारंवारतेच्या विषम पटी नव्याने मिसळतात. म्हणजे ४४० हर्ट्झच्या सुरात १३२० आणि २२०० हर्ट्झचे सूरही ऐकू येतात. हीच ती खरखर.

या परिणामाचा उगम एका बिघाडात आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमध्ये बिघाड झाला आणि गिटारचा आवाज फाटला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या गाण्यात तो आवाज तसाच राहिला व लोकांना आवडला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम ट्रान्झिस्टरने साधला आणि १९६२ मध्ये ‘फझ-टोन’ ही पेटी बाजारात आली.

आता न वाजणाऱ्या पेटीकडे वळू. ‘आयसी जळला असेल’ हा मुलांचा पहिला निष्कर्ष असतो. आयसी बदलतात, पेटी मुकीच राहते, आणि उत्साह संपतो. येथेच शिक्षकांची गरज आहे. बदलण्याआधी मोजायला लावावे.

प्रथम बँजो सरळ अॅम्प्लिफायरला जोडून पाहावा. वाजला तर वायरी ठीक आहेत. मग आयसीच्या पिना तपासाव्यात. ७ वर ९ व्होल्ट, ४ वर शून्य आणि ६ वर सुमारे ४.५ व्होल्ट हवेत. पिन ६ वर ९ च्या जवळपास दाब अडकला असेल, तर पिन २ कडून ऋण टोकाकडे जाणाऱ्या १ किलो-ओहमच्या रेझिस्टरबरोबरचा कपॅसिटर पाहावा. तो स्थिर दाब अडवतो. तो राहून गेला असेल, तर आयसी ४.५ व्होल्टही १०० पट वाढवू पाहतो आणि ताणून बसतो. आयसी निर्दोष असतो!

पिन ३ वर मात्र सावध राहावे. तेथे ४.५ व्होल्ट ४७० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून येतात. काट्याचा साधा मीटर स्वतःच थोडी धारा ओढतो, त्यामुळे दीड व्होल्टही दिसत नाही. दोष येथे मापनाचा असतो.

दाब बरोबर असूनही आवाज नसेल, तर कानाने शोधावे. अॅम्प्लिफायरच्या वायरीची ऋण बाजू पेटीच्या ऋण टोकाला जोडावी. दुसऱ्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून त्याचे मोकळे टोक मंडलात टेकवावे. आवाज आधी कमी करावा. पेटीला मोबाइलमधला मंद सूर द्यावा आणि थेट मधल्या जागी, म्हणजे पिन ६ वर, ऐकावे. सूर आला तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, नाही तर मागच्या. असे निम्मे-निम्मे करत गेल्यास आठ जागांतला दोष तीन चाचण्यांत सापडतो. बहुधा तो नीट न बसलेल्या सोल्डरचा किंवा उलट्या लावलेल्या भागाचा असतो. सूर येतो पण घुरघुर थांबत नाही, असे झाल्यास ती ५० हर्ट्झची घरगुती वीज समजावी; धातूची पेटी ऋण टोकाला जोडली की ती कमी होते.

हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर करावे. मुलांना अॅम्प्लिफायर उघडू देऊ नये. त्यात घरगुती विजेचा दाब असतो. प्रत्येक चाचणीपूर्वी ‘काय दिसेल?’ हे वहीत लिहायला लावावे. अंदाज आणि मापन यांत फरक पडला की शोध कोठे घ्यायचा, हे मुलांना आपोआप कळते.