“ऑफनबाख? तिथे नको!”

फ्रँकफर्टला नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात. आन्मेल्डुंग कसं करायचं याचा सल्ला, तूरडाळ कुठे चांगली मिळते तो पत्ता, आणि “काहीही कर, पण ऑफनबाखला घर घेऊ नकोस” ही सूचना. पहिले दोन सल्ले बहुतेक वेळा बरोबर निघतात. तिसरा कुठून आला हे विचारलं तर सांगणारा म्हणतो, “ऑफिसमधला जर्मन कलीग म्हणाला.” त्या कलीगला विचाराल तर तो हसतो आणि नंबरप्लेटचा विनोद सांगतो.

तो विनोद इथे राहणाऱ्या सगळ्यांनी ऐकला असेलच. ऑफनबाखच्या गाड्यांवर ‘ओ एफ’ अशी अक्षरं असतात. फ्रँकफर्टकर त्याचा अर्थ लावतात ‘ओने फ्यूररशाइन’, म्हणजे बिनालायसन्स. गंमत अशी की ‘ओ एफ’ हा नंबर फक्त ऑफनबाख शहराचा नाही, तो ऑफनबाख जिल्ह्याचाही आहे. त्या जिल्ह्यात द्रायआइशमधलं बुखश्लाग येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेली ती बंगल्यांची वसाहत, झाडं, कुंपणं, शांतता! तिथल्या डॉक्टरसाहेबांच्या महागड्या गाडीवरही तेच ‘ओ एफ’. शिवाय १ जानेवारी २०१५ पासून जर्मनीत घर बदललं तरी जुनी नंबरप्लेट ठेवता येते. म्हणजे प्लेट बघून माणूस कुठे राहतो हेसुद्धा आता खात्रीनं सांगता येत नाही. विनोद मात्र चालूच आहे.

तसं बघितलं तर फ्रँकफर्टच्या भोवतालच्या प्रत्येक गावाच्या कपाळावर काही ना काही लिहिलेलं आहे. टाउनुसच्या उतारावरची क्रोनबेर्ग आणि कोनिगश्टाइन म्हणजे बँकवाले आणि त्यांची कुत्री. बाड होम्बुर्ग म्हणजे कॅसिनो, जुना पैसा आणि कैसरचा उन्हाळी मुक्काम. एशबॉर्न म्हणजे काचेच्या इमारती आणि कमी व्यवसायकर. डॉइच बोर्झनं २०१० मध्ये आपलं मुख्यालय फ्रँकफर्टमधून तिकडे हलवलं तेव्हा फ्रँकफर्टकर चांगलेच चिडले होते. (या श्रीमंत एशबॉर्ननं आपले ३.५ कोटी युरो ग्रीनसिल बँकेत ठेवले होते आणि २०२१ मध्ये ती बँक बुडाली. तरी ‘एशबॉर्नला पैसा कळत नाही’ असा विनोद काही रूढ झाला नाही. विनोदही गरिबाचाच होतो.) हॉएक्स्ट म्हणजे कारखान्याचा वास. आपल्याकडच्या जुन्या मुंबईकरांना हे नाव ‘हेक्स्ट’ म्हणून माहीत असतं, कारण मुलुंडला याच कंपनीचा कारखाना आणि संशोधन केंद्र होतं. आणि ऑफनबाख म्हणजे... ऑफनबाख.

हे आपल्याला नवीन नाही. सदाशिव पेठ म्हटलं की पाट्या आठवतात, डोंबिवली म्हटलं की लोकलच्या दारातली गर्दी, पार्ले म्हटलं की नाटकं आणि साहित्य. पण ऑफनबाखला आपल्याकडची खरी जोड कुणाची असेल तर ती उल्हासनगरची. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फ्रँकफर्ट हे जुनं स्वतंत्र व्यापारी शहर. पंथ लुथरन, आणि कारागिरांच्या गिल्डचा वरचष्मा. कोण काय बनवील, कुठे विकेल, याचे कडक नियम. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून ह्युगेनॉट निर्वासित आले. हे कॅल्विनपंथी. त्यांना फ्रँकफर्टच्या भिंतीआड उपासना करायला मनाई होती. शेजारच्या इझेनबुर्ग घराण्याच्या काउंटनं मात्र त्यांना बोलावून जमीन दिली. १६९९ मध्ये नॉय-इझेनबुर्ग गाव त्यांच्यासाठीच वसवलं गेलं आणि ऑफनबाखमध्येही ते स्थिरावले. हॉएक्स्टची गोष्टही याच जातीची. बोलोंगारो हे इटालियन तपकीर व्यापारी बंधू. फ्रँकफर्टनं त्यांना नागरिकत्व दिलं नाही, म्हणून त्यांनी हॉएक्स्टला, माइन्झच्या राज्यात, १७७० च्या दशकात भलामोठा वाडा बांधला. तो अजून उभा आहे.

म्हणजे बघा, ज्यांना मोठ्या शहराच्या वेशीवर अडवलं ते वेशीच्या पलीकडे गेले, तिथे त्यांनी धंदा उभा केला, आणि मग वेशीच्या आतले लोक त्यांना हसायला लागले. उल्हासनगरचं याहून वेगळं काय झालं? फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. १९४९ मध्ये त्या जागेला उल्हासनगर नाव मिळालं, तरी लोक पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर अमुक’ म्हणतात. त्यांनी कष्टानं बाजारपेठ उभारली आणि आपण काय लक्षात ठेवलं? ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. ऑफनबाखचा मोठा धंदा चामड्याच्या वस्तूंचा. बॅगा, पाकिटं. १९१७ मध्ये स्थापन झालेलं जर्मन चर्मसंग्रहालय तिथेच आहे. चामडं आणि बदनामी ही जोडी धारावी माहीत असलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

छपाईतही ऑफनबाखनं मोठं काम केलंय. दगडावरून छापण्याची शिळाछापाची कला आलोइस झेनेफेल्डरनं म्युनिकला शोधून काढली, पण ती धंद्याच्या रूपात उभी राहिली ती १८०० च्या सुमारास ऑफनबाखच्या योहान आंतोन आंद्रे या संगीतप्रकाशकाच्या मदतीनं. याच तंत्राचा प्रवास पुढे मुंबईपर्यंत झाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथे जर्मन तंत्रज्ञ काम करत होते. आपल्या आज्जीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती ज्या तंत्रानं छापली ते बाळसं धरलं ऑफनबाखला! जगातली पहिली स्त्री रब्बी, रेगिना योनास, हिला १९३५ मध्ये दीक्षा दिली तीही ऑफनबाखच्या रब्बीनं. हे कुणी सांगत नाही. लायसन्सचं सांगतात.

पुढे राजकारणानंही दोन्ही गावांत भिंत घातली. १८६६ मध्ये प्रशियानं फ्रँकफर्ट गिळलं, ऑफनबाख हेसनच्या ग्रँड ड्यूककडेच राहिलं. १९४५ मध्ये नवीन हेसन राज्य होईपर्यंत ही दोन गावं वेगवेगळ्या राज्यांत होती. मधे ट्राम होती बरं का! १८८४ सालची, जर्मनीतल्या अगदी पहिल्या विजेच्या ट्रामपैकी एक. ती एवढी हादरे द्यायची की लोक तिला ‘हाडांची गिरणी’ म्हणत. तिचा वारसा सांगणारी १६ नंबरची ट्राम १९९६ पर्यंत ऑफनबाखमध्ये जात होती. आता ती बरोबर हद्दीवर थांबते आणि त्या स्टॉपचं नावच ‘ऑफनबाख श्टाटग्रेन्झ’, ऑफनबाखची शीव. आपल्याकडच्या ‘सायन’चा अर्थही तोच.

आणि मग फुटबॉल. २८ जून १९५९ ला बर्लिनमध्ये जर्मन विजेतेपदाचा अंतिम सामना झाला आइनट्राख्ट फ्रँकफर्ट आणि किकर्स ऑफनबाख यांच्यात. जादा वेळेत फ्रँकफर्ट ५-३ नं जिंकलं. ऑफनबाखचे जुने लोक अजून सांगतात की त्यातली पेनल्टी पेनल्टी नव्हतीच. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा फ्रँकफर्टला आत घेतलं, ऑफनबाखला नाही. १९७१ मध्ये किकर्सचे अध्यक्ष कानेलास यांनी स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बागेत पाहुणे जमवून टेपरेकॉर्डर लावला आणि सामने विकत घेतले जातात हे साऱ्या जर्मनीला ऐकवलं. दुसऱ्यांचं पितळ उघडं पाडताना स्वतःवरही कारवाई ओढवून घेतली. हा माणूस मला फार ऑफनबाखी वाटतो.

आता जरा आकड्यांकडे येऊ, कारण “पण तिथे गुन्हे जास्त ना?” हा प्रश्न येतोच. दर लाख वस्तीमागे नोंदलेले गुन्हे बघितले तर गेली अनेक वर्षं फ्रँकफर्टचा आकडा ऑफनबाखपेक्षा जास्त असतो. जर्मनीतल्या मोठ्या शहरांच्या यादीतही फ्रँकफर्ट नेहमी वर असतं. लगेच ऑफनबाखचा झेंडा फडकवू नका, कारण या आकड्यातही मेख आहे. विमानतळ फ्रँकफर्टच्या हद्दीत आहे. तिथे चोरीला गेलेली बॅग फ्रँकफर्टच्या खात्यावर जमा होते, पण बॅगेचा मालक फ्रँकफर्टच्या लोकसंख्येत मोजला जात नाही. रोज बाहेरून कामाला येणारे लाखो लोक आणि स्टेशनजवळची नशापाण्याची वस्ती यांचंही तेच. अंश वाढतो, छेद तिथेच राहतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बग म्हणू. तेव्हा हा आकडा फ्रँकफर्टला बदनाम करायला पुरेसा नाही, आणि ऑफनबाखला बदनाम करायला तर मुळीच नाही.

मग बदनामी कशाची? खरं सांगायचं तर लोकांची. ऑफनबाखच्या साठ टक्क्यांहून अधिक रहिवाशांची मुळं परदेशात आहेत, आणि हे प्रमाण जर्मनीतल्या सर्वात जास्त प्रमाणांपैकी आहे. चामड्याचे कारखाने बंद पडत गेले, नगरपालिका कर्जात गेली, घरभाडी कमी राहिली, म्हणून नवीन येणारा माणूस तिथे उतरत गेला. २०१६ च्या व्हेनिस बिएनालेत जर्मनीनं आपल्या दालनात ‘लोक आधी येऊन उतरतात ते शहर’ म्हणून उदाहरण ऑफनबाखचं दिलं होतं. ते प्रदर्शन फ्रँकफर्टच्याच वास्तुकला संग्रहालयानं केलं होतं, हे विशेष. त्यामागे डग साँडर्स या कॅनडाच्या पत्रकाराचा विचार होता. अशी गावं शिडीसारखी असतात. स्वस्त खोली, ओळखीचं दुकान, गाववाल्याकडून कळलेली नोकरी, आणि मग पुढची पायरी. वर चढून गेलेली माणसं गाव सोडतात, त्यांच्या जागी पुन्हा नवीन येतात. त्यामुळे आकडेवारीत गाव कायम गरीबच दिसतं, जरी त्यातली माणसं पुढे जात असली तरी.

इथे आपला संबंध येतो. आपल्यातले बरेचजण ब्लू कार्डवर, कंपनीच्या पत्रासकट येतात. म्हणून आपण त्या शिडीवर नाही असं आपल्याला वाटतं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या दोन माध्यमसंस्थांनी दहा मोठ्या शहरांत घरांच्या जाहिरातींना खोट्या नावांनी सुमारे २०,००० अर्ज पाठवून पाहिले. मजकूर सारखा, नाव फक्त वेगळं. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला बोलावणं सर्वात कमी आलं. त्या प्रयोगात भारतीय नावं नव्हती, पण कुलकर्णी आणि शेख यांतला फरक घरमालकाच्या बाईंना ईमेलवरून कळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतः अर्ज करून बघावा. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानं असा भेदभाव करता येत नाही, पण न आलेल्या उत्तराविरुद्ध तक्रार कशी करणार? आणि तेच आपण, “तिथे सगळे ‘ते’ लोक राहतात, नको” असं म्हणून दुसऱ्याला ऑफनबाखपासून परावृत्त करतो!

नुकसानही आपलंच होतं. नवीन आलेलं जोडपं, एकाचाच पगार, पदरी लहान मूल. त्याला टाउनुसमधलं भाडं झेपत नाही, आणि ऑफनबाखचं ‘नको’ म्हणून सांगितलेलं असतं. मग महिनोन्‌महिने महागड्या फर्निश्ड खोलीत काढतात. ऑफनबाखच्या मार्क्टप्लाट्झवरून फ्रँकफर्टच्या कॉन्स्टाब्लरवाखला एस-बान पाव तासाच्या आत पोचते. शहराखालचा तो बोगदा १९९५ चा. पूर्वी तिकिटाचा झोन वेगळा म्हणून पास महाग पडायचा. मे २०२३ मध्ये डॉइचलंड-टिकिट आलं आणि ते तिकीट काढणाऱ्यांसाठी ती शीवही पुसली गेली.

ऑफनबाखला सगळं छान आहे असं माझं म्हणणं नाही. पश्चिमेचा वारा असला की उतरणारी विमानं डोक्यावरून जातात, आणि ज्यांची झोप सावध त्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. रात्री ११ ते पहाटे ५ बंदी आहे, पण पाचनंतर काय! (२०११ मध्ये नवीन धावपट्टी सुरू झाल्यावर साक्सनहाउझनच्या बंगलेवाल्यांनाही हाच आवाज मिळाला, आणि दर सोमवारी विमानतळावर निदर्शनं सुरू झाली. ऑफनबाखकर इतकी वर्षं तेच सांगत होते, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.) भाडीही आता पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाहीत. युरोपियन सेंट्रल बँक २०१४-१५ मध्ये फ्रँकफर्टच्या पूर्वेला गेली, ऑफनबाखच्या जुन्या बंदरावर नव्या इमारती उठल्या. काही वर्षांनी ‘ऑफनबाखला परवडत नाही’ असं ऐकू आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ज्यांना मुलं आहेत त्यांनी शाळेचं आधी बघावं. हेसनमध्ये ग्रुंडशूल पत्त्यावरून ठरते, म्हणजे गावाची ख्याती नव्हे तर तुमच्या रस्त्याला कुठली शाळा लागते हे महत्त्वाचं. नगरपालिकेकडे रस्त्याचं नाव सांगितलं की कळतं. मग त्या शाळेत जाऊन या, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पाच मिनिटं उभे राहा. संध्याकाळी सातला स्टेशनपासून घरापर्यंत चालत जा, रविवारी सकाळी पुन्हा एकदा जा. मंगळवार किंवा शुक्रवार असेल तर ऑफनबाखच्या विल्हेल्मसप्लाट्झवरच्या बाजारात चक्कर मारा. शनिवारीही भरतो. मेथी मिळाली तर थोडी जास्त घेऊन या.